रात्री साडेबाराची गाडी

पत्र:

गेल्या वर्षी निवृत्त झाले. दिवाळीला माळा आवरताना मुलाचा लेगोच्या आगगाडीचा खोका सापडला. माझ्या भावाने 1997 साली जर्मनीहून आणला होता. मुलगा टोरांटोला असतो. त्याला विचारलं तर म्हणाला, देऊन टाक कुणाला तरी. द्यायच्या आधी चालते का बघू, म्हणून रूळ जोडले आणि गाडी चालली! तेव्हापासून रोज रात्री हे झोपले की हॉलमध्ये सतरंजीवर रूळ मांडते, तासभर गाडी फिरवते आणि सगळं आवरून ठेवते. आता सुटे तुकडे मागवून डेक्कन क्वीन बांधायला घेतली आहे. पण सोफ्याचा पाय चुकवायला उलटं वळण दिलंय, तिथे गाडी दर वेळी घसरते. घाट करावा म्हणून रुळांखाली वाढत्या उंचीच्या लेगोच्या विटा लावल्या, तर चाकं जागच्या जागी फिरत राहतात.

एकदा जाऊबाईंनी हा पसारा पाहिला. तेव्हापासून "भावोजी, सांभाळा हो हिला" असं चाललंय. हे काहीच बोलत नाहीत. परवा पाणी प्यायला उठले, गाडीकडे पाहिलं, "डायनिंग कारच्या खिडक्या अशा नव्हत्या" म्हणाले आणि झोपायला गेले. बावीस वर्षं डेक्कन क्वीनचा पास होता त्यांचा.

मला नक्की काय झालंय? एकोणसाठाव्या वर्षी हे शोभतं का?

— माळ्यावरची, पुणे

प्रिय माळ्यावरच्या ताई,

तुम्हाला काहीही झालेलं नाही. सोफ्याच्या पायापाशी मात्र नक्की काहीतरी झालंय, तेव्हा आधी ते बघू. शोभण्याचं नंतर.

माझा पहिला संशय सतरंजीवर. मोटरचं वजन आलं की मऊ कापडावर रुळांचा जोड खाली दबतो आणि पुढच्या रुळाचं टोक केसभर वर राहतं. चाकाची कड असते एवढीशी, ती त्या पायरीला अडकते. खऱ्या रुळांखाली खडी असते, तुमच्या रुळांखाली निदान टणक फरशी तरी हवी. एक रात्र सतरंजी गुंडाळून ठेवा आणि बघा.

तरीही घसरली, तर दोष त्या उलट्या वळणाचा. डावं वळण संपलं की लगेच उजवं सुरू झालं, तर पुढच्या डब्याचं शेपूट एका बाजूला आणि मागच्याचं तोंड दुसऱ्या बाजूला फेकलं जातं. मधल्या कपलिंगची ओढाताण होते आणि हलका डबा उचलला जातो. त्या दोन वळणांच्या मध्ये निदान एका डब्याइतका सरळ रूळ टाका. विटांवरचे जे गोल उंचवटे असतात त्यांना स्टड म्हणतात, आणि लेगोचा एक सरळ रूळ 16 स्टड लांब असतो. तुमचा डबा 32 स्टडचा असेल तर दोन रूळ झाले. जागा नसेल तर सोफा हलवा. ताई, हे मी गंमत म्हणून लिहीत नाहीये. तुम्ही रूळ वाकवलेत कारण सोफा हलवायला कुणाला तरी उठवावं लागलं असतं.

तिसरं म्हणजे जड डबा इंजिनाजवळ ठेवा आणि हलका शेवटी. उलट असेल तर वळणावर मधला हलका डबा आतल्या बाजूला ओढला जातो. आणि हो, चाकांच्या दांड्यांत केस अडकलेत का तेही चिमट्याने बघून घ्या. आमच्याकडे मांजर आहे, त्यामुळे या विषयात माझा अधिकार मोठा.

धातूच्या रुळांवर इतक्या वर्षांत काळपटपणा आला असेल, तर मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा आणि सुती कापडाने पुसा. पॉलिश पेपर लावू नका. मी लावला होता. आठ दिवस रूळ आरशासारखे चमकले आणि नंतर आधीपेक्षा वाईट झाले, कारण घासताना वरचा मुलामाच निघून गेला होता.

त्या खोक्याबद्दल थोडं सांगतो, कारण मुलाने "देऊन टाक" म्हटलंय ते त्याला ठाऊक नसल्यामुळे. लेगोची पहिली आगगाडी 1966 साली निघाली, निळ्या रुळांवरची. पुढे बारा व्होल्टची आली आणि 1991 साली ही तुमची नऊ व्होल्टची. हिच्या रुळांवर धातूची पट्टी असते, वीज रुळातून मोटरला मिळते आणि गाडीत बॅटरी लागतच नाही. 2007 च्या सुमारास कंपनीने हा प्रकार बंद केला. आताच्या गाड्यांत सहा पेन्सिल सेल घालायचे आणि ब्लूटूथच्या रिमोटने चालवायची. हे धातूचे रूळ लेगो आता बनवत नाही, आणि जगभरचे शौकीन ते शोधत असतात. तेव्हा तो खोका कुणालाही देऊ नका. मुलालासुद्धा नाही.

एक लक्षात ठेवा. 1966 पासून दोन रुळांमधलं अंतर तेच राहिलंय, म्हणून आजचे प्लास्टिकचे रूळ तुमच्या रुळांना बेमालूम जोडले जातील. पण त्यांतून वीज जाणार नाही. गाडी तिथे पोचेल आणि गपकन थांबेल.

आता घाट. लेगोची एक वीट 9.6 मिलिमीटर उंच आणि एक सरळ रूळ 128 मिलिमीटर लांब. दर रुळाला एक वीट वाढवली की चढ होतो साधारण तेरास एक. खरा बोरघाट सदतीसास एक आहे, आणि तिथेही कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात. तुम्ही तुमच्या एकट्या मोटरला बोरघाटाच्या जवळजवळ तिप्पट उभ्या चढावर घातलंत, ती चाकं फिरवणार नाही तर काय करणार!

विटेऐवजी प्लेट वापरा, म्हणजे ती चपटी वीट. तीन प्लेटी एकावर एक ठेवल्या की एक वीट होते. दर रुळाला एक प्लेट वाढवलीत की चढ येतो चाळीसास एक. मी पहिल्यांदा हा हिशेब कागदावर मांडला तेव्हा खुर्चीतून उठून घरात दोन फेऱ्या मारल्या होत्या. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावात ठरलेली मापं, आणि त्यांतून निघतो जवळजवळ आपला कर्जत-लोणावळा! त्यातून तुमची गाडी नऊ व्होल्टची. दुसरी मोटर कधी हाती लागली तर गाडीच्या शेपटाला लावा. दोन्ही मोटरींना त्याच रुळातून वीज मिळते, त्यामुळे पुढची आणि मागची आपोआप एकाच वेगाने निघतात. झाला तुमचा बँकर.

पण एका रुळावरून दुसरा रूळ नेण्याच्या फंदात आत्ता पडू नका. खालून गाडी जायला साधारण बारा विटांची उंची लागते. चाळीसास एकच्या चढाने तिथे पोचायला 36 सरळ रूळ, म्हणजे साडेचार मीटरच्या वर. हॉलमधून निघालेली गाडी स्वयंपाकघरात गॅसच्या शेगडीपाशी वर पोचेल.

बरं, शोभण्याचा प्रश्न. पैठणी वर्षानुवर्षं कपाटात पडून असते, तिला कुणी वय विचारत नाही. रोज संध्याकाळी तीन मालिका बघणाऱ्या माणसाला "सांभाळा हो" म्हणत नाहीत. तुम्ही चार हजार तुकड्यांतून बरोब्बर तो एक तुकडा शोधता, चढ मोजता, वीज का जात नाही हे शोधून काढता. हा पोरकटपणा असेल तर तो पोरांना झेपत नाही. खुद्द लेगोनेच 2020 पासून मोठ्यांसाठीच्या खोक्यांवर 18+ छापायला सुरुवात केली. या छंदातल्या लोकांत एक शब्दही रूढ आहे, डार्क एजेस. लहानपणी खेळणं सुटतं तिथपासून मोठेपणी ते पुन्हा हाती येतं तिथपर्यंतचा काळ, तो अंधारयुग. तुमचं थोडं वेगळं झालं म्हणा. तुम्ही लहानपणी खेळला नव्हताच, तेव्हा खेळणी भावाला मिळत असतील. म्हणजे तुमचं अंधारयुग अठ्ठावन्न वर्षांचं.

जाऊबाईंना समजावत बसू नका. त्यांना एका रविवारी कोथरूडला जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात घेऊन जा. भाऊ जोशी नावाच्या गृहस्थांनी आयुष्यभर छोट्या आगगाड्यांचं वेड केलं आणि 1998 साली ते लोकांसाठी खुलं केलं. दिवे मंद होतात, छोट्या शहरात संध्याकाळ होते, गाड्या धावू लागतात. तिथून बाहेर आल्यावर त्या काय बोलतात ते मला कळवा. काही बोलल्या नाहीत तरी कळवा.

माझा आक्षेप वेगळाच आहे. तुम्ही रोज रात्री आवरून ठेवता. मांडणं आणि आवरणं यांतच तासातली चाळीस मिनिटं जात असतील, म्हणून तर वर्ष झालं तरी तुमची गाडी त्याच लंबगोलात फिरते आहे. आगगाडीला कायमची जागा लागते. आणि ती पुण्यातल्या फ्लॅटमध्येही निघते, फक्त प्लायवूडच्या दुकानात जायला हवं.

तिथे 30 इंच रुंद आणि साडेसहा फूट लांब फ्लश डोअर, म्हणजे सपाट दार, मागा. लेगोच्या वळणाच्या 16 रुळांचं वर्तुळ बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत 70.4 सेंटिमीटर भरतं. दार 76 सेंटिमीटरचं. दोन्हीकडे जवळजवळ तीन-तीन सेंटिमीटर मोकळे राहतात. लांबीत प्रत्येक बाजूला नऊ सरळ रूळ बसतात आणि वर अर्धी वीत जागा उरते. ते दार कुणी मुद्दाम आपल्यासाठीच बनवलंय असं वाटावं! कडेने दोन इंची लाकडी पट्टी ठोकून घ्या, नाहीतर गाडी फरशीवर जाईल. माझं इंजिन एकदा गेलं. दोनशे तुकडे झाले, पण मोडलं काहीच नाही, रात्री बसून पुन्हा बांधलं. या छंदाला हा एक मोठा फायदा आहे. दार दोन घोड्यांवर ठेवा, पाहुणे आले की दिवाणाखाली सरकवा. त्या नऊ रुळांवर चार प्लेटी चढून चार प्लेटी उतरलात तर सव्वा सेंटिमीटरचा घाट होतो. हसू नका. बाजूला हिरव्या-करड्या विटांचा डोंगर उभा करून एक बोगदा ठेवा, बघणाऱ्याला तो लोणावळाच वाटतो.

आता डेक्कन क्वीन. तुमच्या पत्रातला खरा अवघड भाग हाच, आणि त्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत.

क्वीनला 1966 साली मिळालेल्या, पेरांबूरच्या कारखान्यात बनलेल्या डब्याची रुंदी सव्वातीन मीटर आणि लांबी 21 मीटरच्या वर. तुम्ही रुंदी आठ स्टड धरलीत आणि प्रमाण काटेकोर पाळलंत तर डबा 52-53 स्टडचा होतो, म्हणजे 42 सेंटिमीटर. तुमच्या वळणाची त्रिज्या 32 सेंटिमीटर. त्रिज्येपेक्षा लांब डबा त्या वळणावर कसा दिसेल ते डोळ्यांसमोर आणा. मधला भाग आत घुसलेला, टोकं बाहेर आलेली, बोगदा तर दोन्ही बाजूंनी खरवडून काढणार. म्हणून लेगोवाले बहुतेक सगळे डबा आखूड करतात, 28 ते 32 स्टडवर आणतात. मोठ्या त्रिज्येचे रूळ दुसऱ्या छोट्या कंपन्या बनवतात, पण मग तुमचं दार पुरणार नाही.

आखूड करायचं म्हणजे काहीतरी गाळायचं. हा छंद खरा इथे सुरू होतो. बारा खिडक्यांच्या सात कराव्या लागतात. मग कुठली सात? एकसारख्या अंतरावर सात खिडक्या मांडल्यात तर तो कुठलाही डबा होतो. एका टोकाला स्वयंपाकाची बाजू म्हणून भिंत कोरी ठेवलीत आणि उरलेल्या भागात खिडक्या जवळजवळ घेतल्यात, तर लांबून बघणाऱ्यालाही ती डायनिंग कार वाटू लागते, चीज टोस्टचा वास येतो. प्रमाण चुकलेलं चालतं, ओळख चुकलेली चालत नाही. तुमच्या यजमानांनी नेमकं इथेच बोट ठेवलंय.

रंगाचं म्हणाल तर माझं मत 1930 च्या गाडीला. 1 जून 1930 ला ती सुरू झाली तेव्हा सात-सात डब्यांचे दोन रेक होते. एक चंदेरी, त्यावर शेंदरी पट्ट्या. दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेघा. चंदेरी तुकडे मिळायला त्रास होतो. निळा घ्या, आणि साधा निळा घ्या, गडद निळ्यात हवा तो तुकडा नेमका सापडत नाही. सात डबे आपल्या दारावर शोभणार नाहीत, अर्धा लंबगोल गाडीनेच भरून जाईल. तीन करा. मधली डायनिंग कार.

आणि इंजिन? क्वीनचं मूळ इंजिन लांबलचक, सलग अंगाचं, या वळणावर त्याचे हाल होतात. थोडी लबाडी करायला तयार असाल तर खेकडा बांधा. 1928 पासून अनेक वर्षं आपल्या घाटांत मालगाड्या ओढलेलं ते विजेचं इंजिन, मधे केबिन आणि पुढे-मागे दोन लांब नाकाडं. त्याचा आराखडा स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या कारखान्याचा. तिथल्या डोंगरांत त्याचे भाऊबंद धावायचे, त्यांना मगर म्हणत. तिकडे मगर, इकडे खेकडा, जसा ज्याला जलचर दिसला तसा. त्या स्विस मगरीचा तपकिरी संच लेगोने 2020 साली काढला. या इंजिनाचं अंग तीन भागांत सांधलेलं असतं आणि नाकाडं वळणाप्रमाणे वळतात, कारण खऱ्या घाटातही वळणं होतीच. त्यामुळे तुमच्या 32 सेंटिमीटरच्या वळणावर ते अगदी सहज वळतं. क्वीनला मालगाडीचं इंजिन लावलंत म्हणून कुणी जाणकार नाक मुरडेल, मुरडू दे. सीएसएमटीबाहेर एक खेकडा उभा करून ठेवला होता, कधी गेलात आणि अजून तिथे असला तर चारही बाजूंनी फोटो काढून आणा. पुस्तकातल्या चित्रांत छप्पर कधीच नीट दिसत नाही.

बांधायच्या आधी संगणकावर बांधा. स्टुडिओ नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. तुकडे जोडून बघता येतात, आणि शेवटी कुठला तुकडा किती लागेल याची यादी निघते. ती यादी घेऊन सुटे तुकडे विकणाऱ्या संकेतस्थळांवर शोधाशोध करायची. पण परदेशी दुकानातून मागवताना हात जरा आखडता घ्या. खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 साली 20 टक्क्यांवरून 60 वर नेलं, 2023 साली 70 वर, आणि पार्सलचा खर्च वेगळाच. माझं एक पार्सल असं सुटलं की आतल्या मालापेक्षा सोडवणूक महाग पडली. टोरांटोहून मुलगा येतो ना? जाताना लोणची-मेतकूट नेतो, येताना पाव किलो निळ्या विटा आणू दे. महिन्याला किती खर्च करायचा तो आकडा पेन्शन जमा होते त्याच दिवशी ठरवा, आणि तो यजमानांना सांगून टाका. खोके लपवायला लागलात की हिशेब आपल्याच हातात राहत नाही.

आणि आता ते पाणी प्यायला उठलेले गृहस्थ. ताई, तुम्ही लिहिलंय "हे काहीच बोलत नाहीत". ते बोलले की! रात्री साडेबाराला, अर्धवट झोपेत, बावीस वर्षं रोज पाहिलेल्या डब्याच्या खिडक्यांबद्दल बोलले. खिडक्या कशा होत्या, हे तुम्ही विचारलंच नाहीत. तुम्हाला रागावल्यासारखं वाटलं असणार.

त्यांना विचारा. कागद-पेन्सिल पुढ्यात ठेवून विचारा. डायनिंग कार कितवी लागायची, पासवाल्यांचा डबा कुठला, दार कुठे यायचं, वेटर कुठून शिरायचा. पासवाला माणूस आयुष्यभर एकाच गाडीचा अभ्यास करतो, आणि निवृत्त झाल्यावर त्याला त्याबद्दल कुणी एक प्रश्न विचारत नाही. त्यांनी सांगितलेलं सगळं 28 स्टडमध्ये बसणार नाही, तेव्हा काय गाळायचं यावर तुमचं भांडण होईल. होऊ द्या, पण डब्यांचा क्रम त्यांच्यावर सोपवा.

आणि रात्री साडेबाराची गाडी रद्द करा. मुंबईहून क्वीन संध्याकाळी 5 वाजून 10 मिनिटांनी सुटते, तुमचीही तेव्हाच सोडा. दार हॉलमध्ये, चहाच्या वेळी. सोफा मात्र आदल्या दिवशीच हलवून ठेवा, आणि त्यासाठी त्यांना उठवा.